पाच जणांची गिनती

१

साडेचार वाजले की सुभेदार शिट्टी मारायचे. मग सगळ्यांनी खड्ड्यातून वर यायचं, काठावर रांगेत उभं राहायचं आणि आपापला आकडा बोलायचा. सुभेदार ओरडायचे, "गिनती कर!" आणि पहिला आकडा त्यांचाच, "एक." मग ज्ञानदा मॅडम "दोन", लेस्ली अंकल "तीन", कॉलेजचा आयुष "चार", आणि शेपटाला मी, "पाच." झालं, सुट्टी.

पाच माणसं एका नजरेत दिसतात. मी दहावीला गणितात दोनदा लटकलेली, मला पण मोजता येतात. पण सुभेदारांना डोळ्यांनी मोजलेलं चालायचं नाही. जो बोलला तो वर आला, जो बोलला नाही तो आत आहे, त्याला शोधा, असं त्यांचं सरळ काम. बारा फूट खोल खड्डा, बाजूची माती भुसभुशीत. उद्या कोणी आत राहिलं आणि आपण वडापाव खायला निघून गेलो तर?

मी स्वप्नाली. गिरीजची. वाडी आमच्या मोठ्या काकांची, बळीराम काकांची, पण ती गिरीजला नाही, तिकडे किल्ल्याच्या उत्तरेला आहे. केळीच्या रांगा, मध्ये माड, आणि माडांच्या फटीतून लांब एक काळा बुरुज दिसतो. काकांच्या विहिरीचं पाणी दोन वर्षांपासून खारट झालंय. केळी पिवळी पडायला लागली म्हणून काकांनी सिमेंटची मोठी टाकी बांधायला घेतली. जेसीबीने खणलं तर खालून माडाचे कुजलेले ओंडके निघाले, एकाला एक लावून ठेवलेले, आणि त्यांच्याखाली शिशाच्या गोळ्या. बोरांएवढ्या.

मग कुठूनतरी खबर लागली आणि मुंबईहून मॅडम आल्या, पुरातत्त्वाच्या.

काका म्हणाले, "पंधरा दिस देतो मॅडम. सोळाव्या दिसाला जेसीबी येईल. पानी नाय तर वाडी नाय."

मॅडमनी वाद घातला नाही. म्हणाल्या, पंधरा पुष्कळ झाले. मला तेव्हाच त्या आवडल्या.

मला बाबांनी पाठवलं, घरी बसून रील बनवते म्हणून. माझं काम माती चाळायचं.

२

मॅडमचं काम बघायला पाहिजे होतं तुम्ही. एवढीशी बाई, पन्नाशीची, गुडघ्याला जुनी चादर बांधून खाली बसायची आणि ब्रशने माती झाडायची, जसं काही आत कोणी झोपलंय. दिवसभरात चार बोटं माती. मी विचारलं, एवढ्या हळू कशाला? तर त्यांनी सांगितलं ते मी जसंच्या तसं सांगते.

मराठ्यांनी किल्ल्याला वेढा घातला होता तेव्हा इथे चर खणला होता. वरून ओंडके, ओंडक्यांवर माती. आत बसून माणसं रोज थोडी थोडी पुढे खणत जायची, वरून तोफा चालू. एक दिवस छत बसलं. मॅडमकडे त्या वेळच्या एका कागदाची नक्कल होती, त्यात फक्त तीन शब्द, 'माणसे आत राहिली.' किती, ते नाही. नावं नाहीत. दुसऱ्या दिवशी पुन्हा हल्ला होता, मग कोणाला वेळ?

"मोठ्यांची नावं रस्त्यांना दिली," मॅडम म्हणाल्या. "यांचा आकडासुद्धा कोणी लिहिला नाही. मला निदान आकडा पाहिजे."

आणि गंमत म्हणजे हाडं मिळणारच नव्हती. इथे खालून खारं पाणी चढतं, उतरतं. पावणेतीनशे वर्षांत हाड विरघळून जातं. राहतो तो फक्त डाग. माणूस जिथे पडला तिथली माती थोडी काळी. तो डाग शोधायचा, ब्रशने. मी म्हटलं, बाई, तुम्ही ग्रेट आहात.

पण मी मी आहे. तिसऱ्या दिवशी चाळणीत लेस्ली अंकलच्या डब्यातलं चिकनचं हाड टाकलं आणि बोंबलले, सापडलं म्हणून. मॅडमनी चष्मा वर केला, बघितलं, म्हणाल्या, "ब्रॉयलर. कालचं." आणि परत खाली बसल्या. आयुष इतका हसला की त्याला ठसका लागला. माझी इज्जत गेली. मग मला काहीतरी भारी करणं भागच होतं.

माझ्याकडे मुठीएवढा ब्लूटूथ स्पीकर आहे. मोबाईलवर माझाच आवाज रेकॉर्ड केला, ॲपने जाडा केला, पुरुषासारखा. एकच शब्द, "सहा." सातव्या दिवशी जेवायच्या सुट्टीत स्पीकर खाली ओंडक्यांच्या मागे सरकवला. साडेचारला शिट्टी झाली. एक, दोन, तीन, चार. मी म्हटलं "पाच", आणि खिशात बटण दाबलं.

खड्ड्यातून आलं, "सहा."

आयुष चक्क माझ्या पायावर उभा राहिला. लेस्ली अंकलने छातीवर क्रूस केला. मॅडमचा पेन थांबला. मी पोटातल्या पोटात फुटत होते.

सुभेदार तेवढे हलले नाहीत. त्यांनी परत गिनती करायला लावली. या वेळी मी बटण दाबलं नाही, पाचवर संपलं. त्यांनी माझ्याकडे बघितलं, जरा जास्तच वेळ. मी स्पीकर काढून घरी नेला.

३

दुसऱ्या दिवशी स्पीकर घरी होता. हे मी शपथेवर सांगते. आमच्या फ्रिजवर, चार्जिंगला लावलेला, सकाळी निघताना मी स्वतः लाल लाइट बघितला.

दिवस चांगला गेला. मॅडमना ओंडक्यांखाली एक काळा डाग दिसायला लागला होता, खांद्यासारखा गोल. त्यांचा चेहरा असा झाला होता की कोणाला जेवायला बोलवायची हिंमत नाही. लेस्ली अंकल त्यांच्या डोक्यावर फळ्या आणि टेकू ठोकत होता. अंकलचं काम तेच. त्याचे टेकू नसते तर कोणी खाली उतरूच शकलं नसतं. लाकडावर नुसता हात फिरवून सांगायचा, हा धरेल, हा नाय धरणार.

साडेचार. ऊन अजून कडक. केळीच्या पानांची सळसळ पण नव्हती. एक. दोन. तीन. चार. पाच.

"सहा."

आधी मला वाटलं, बटण दाबलं गेलं. हात खिशात घातला तर मोबाईल खिशात नव्हताच, तो चाळणीपाशी पिशवीत होता. मग वाटलं, आयुषने कॉपी मारली. तो माझ्या शेजारी उभा होता, तोंड बंद, कान लाल. प्रतिध्वनी म्हणावा तर पाचचा प्रतिध्वनी पाच येईल, सहा कसा येईल? गणितात नापास झाले तरी एवढं कळतं.

आणि तो माझा आवाज नव्हता. माझा कसा जाडा, फिल्मी व्हिलनसारखा. हा तसा नाही. हा साधा होता. धावत आलेल्या माणसाला कोणी नाव विचारलं तर तो कसं घाईत, अर्ध्या श्वासात सांगेल, तसा. भीती दाखवायला बोललेला नव्हता तो. हुकूम झाला म्हणून बोललेला.

मग जरा डावीकडून, ओंडक्यांच्या अजून आतून, दुसरा.

"सात."

हा पोरगेला. आवाज नुकताच फुटलेला असतो ना, तसा.

लेस्ली अंकल वळला. स्कूटरवर बसला आणि निघून गेला. करवत, हातोडा, टिफिन सगळं तिथेच.

घरी जाऊन पहिलं काम, स्पीकर. फ्रिजवरच होता. आणि रेकॉर्डिंग मी एकच केलं होतं. सात मी कधी बोललेच नव्हते.

४

लेस्ली अंकल दुसऱ्या दिवशी आला नाही. तिसऱ्या दिवशी पण नाही. टेकूवाला नाही म्हणून मॅडमनी खाली उतरायला सगळ्यांना बंदी केली, स्वतःलासुद्धा. कोणी आत उतरत नाही म्हणून गिनती पण बंद. तो खांदा तसाच अर्धा उघडा, वर ताडपत्री. मॅडम काठावर बसून राहायच्या. चिडल्या असत्या तर बरं वाटलं असतं मला. त्या नुसत्या खाली बघायच्या.

आयुष म्हणाला, वारा असेल. त्या दिवशी वारा नव्हता असं मी म्हटलं तर तो मोबाईलमध्ये घुसला.

सुभेदार माझ्या शेजारी येऊन बसले. सदानंद त्यांचं नाव, पण कोणी घेत नाही. मालवणकडचे, आता एव्हरशाईन सिटीत मुलाच्या फ्लॅटवर राहतात, आणि रोज सकाळी साडेसातला सगळ्यांच्या आधी वाडीवर. मॅडमनी बोलावलं नव्हतं त्यांना. पेपरात दोन ओळी वाचल्या आणि आले, म्हणाले, मला माणसं सांभाळता येतात, खणायचं तुम्ही बघा.

मला वाटलं, आता कान पिळणार. ते वेगळंच बोलले. त्यांचा मोठा भाऊ एकाहत्तरच्या लढाईत गेला. म्हणजे मेला असं कोणी सांगितलं नाही. कागद आला त्यावर बेपत्ता. सुभेदार तेव्हा आठ वर्षांचे. त्याच्यासाठीच ते फौजेत गेले, जिथे जिथे बदली झाली तिथे जुन्या लोकांना विचारत फिरले. एकजण भेटला, तो त्याच रात्री त्याच खंदकात होता. त्याने सांगितलं, मागे हटायचा हुकूम आला, आम्ही धावलो, पुढे जाऊन कोणी गिनती घेतलीच नाही.

"बेपत्ता म्हणजे मेलेला नाय गो," सुभेदार म्हणाले. "बेपत्ता म्हणजे ज्याला मोजायला कोण परत गेला नाय."

मी सांगून टाकलं, पहिलं सहा माझं होतं.

"ठाऊक हा. खिशात हात होतो तुझो."

"आणि दुसरं?"

ते ताडपत्रीकडे बघत राहिले. म्हणाले, दुसऱ्या दिवशी तुझे दोन्ही हात बाहेर होते.

५

पंधरावा दिवस उद्यावर आला. मी सायकल घेऊन लेस्ली अंकलच्या घरी गेले. अंगणात मर्सी आंटी सुकट निवडत होती, अंकल ओट्यावर काही न करता बसला होता. त्याला असं बसलेलं मी कधी बघितलं नव्हतं.

मी स्पीकर काढून त्याच्या पुढे ठेवला आणि बटण दाबलं. "सहा."

अंकल दचकला. मग स्पीकर हातात घेऊन उलटासुलटा केला. मग हसायला लागला, असा की आंटी उठून आली. मला दोन शिव्या घातल्या, एक कानाखाली मारायचं नाटक केलं. आंटी म्हणाली, हिच्या बापाला सांगा. अंकल म्हणाला, राहू दे, पोरगी हाय, आपन काय कमी केलं होतं?

आणि मग हसता हसता त्याने विचारलं, "मंग ते सात? ते पन तूच?"

इथे मी थांबले. हे तुम्हाला सांगायचं नव्हतं मला. नाही म्हणाले असते तर अंकल आला नसता. अंकल नाही तर टेकू नाही, टेकू नाही तर मॅडम खाली नाही, आणि परवा त्या खांद्यावर सिमेंट. हो म्हणाले असते तर तो त्या आवाजांच्या मध्ये उभा राहून लाकडं ठोकणार, माझ्यावर विश्वास ठेवून.

"हो," मी म्हटलं. "ते पण मीच."

आयुष्यात इतक्या थापा मारल्या, हीच एक जड गेली.

६

शेवटचा दिवस. काकांनी जेसीबी एक दिवस आधीच मागवला. वाडीच्या फाटकात येऊन उभा, ड्रायव्हर आत बसून तंबाखू मळतोय.

लेस्ली अंकल पहाटेच आला होता. शिट्टी वाजवत टेकू ठोकत होता. मला बघितलं की डोळा मारायचा. मला अन्न गोड लागलं नाही.

मॅडम सकाळी सात ते साडेचार, पाण्याला पण वर आल्या नाहीत. आणि काय बाई ती. खांद्याच्या खाली पाठ निघाली. त्याला टेकून दुसरा डाग, तिसरा. कोणी पळतंय, कोणी झोपलंय असं नव्हतं. सगळे भिंतीला पाठ लावून, गुडघे छातीशी घेऊन, एका रांगेत. वर माती पडली तेव्हा ही माणसं बसली होती. वाट बघत.

मॅडमनी काकांना बोलावलं. काका काठावर वाकून बघत राहिले. मॅडम खालून एकेक दाखवत होत्या, हे डोकं, हा कोपर.

"मॅडम, माती हाय ती," काका म्हणाले. वाईट बोलले नाहीत, हळू बोलले. "तुमाला दिसतंय, मला नाय दिसत. माझी केळी मला दिसताहेत."

मॅडमनी फोटो काढले. मी कॅमेऱ्यात बघितलं. खरंच, मातीच होती. पुढे ओंडक्यांच्या आत रांग अजून जात होती आणि तिथवर पोचायला वेळ नव्हता. किती, ते कळणारच नव्हतं. मॅडम वर आल्या, हात धुतले नाहीत, वही उघडून धरली. त्या पानावर काही लिहिलेलं नव्हतं.

सुभेदारांनी शिट्टी मारली. पाच जण रांगेत. काका पलीकडे, फाटकाकडे तोंड करून, जेसीबीला हात करणार एवढ्यात.

"गिनती कर!"

एक. दोन. तीन. चार. पाच.

सुभेदार रांग मोडू देईनात. इंजिन धडधडत होतं. त्या आवाजाच्या खालून आलं,

"सहा."

अंकलने हसत माझ्याकडे बघितलं. मी दोन्ही हात पुढे केले, मोकळे. त्याचं हसू गेलं.

"सात." तोच पोरगेला.

"आठ." म्हातारा, खाकरून.

"नऊ."

प्रत्येक आवाज आधीच्यापेक्षा जरा लांब, जरा आत, जिथे आम्ही खणलंच नव्हतं. मी खाली बघितलं नाही. शेजारच्या आयुषच्या मानेवर घाम ओघळत होता तो बघत राहिले. काका फाटकाकडून वळून उभे होते, हात तसाच अर्धा वर.

"दहा."

"अकरा."

मग काही नाही. पण संपलं असं पण नाही. आतून कोणीतरी श्वास घेतला, बोलायला घेतो तसा, आणि शब्द आला नाही. परत एकदा घेतला. परत नाही.

"एक आसा," सुभेदार म्हणाले. "त्याच्याच्यान बोलवना नाय."

आणि ते शिडीकडे चालायला लागले. अंकल ओरडला, डावा टेकू सरकतोय सुभेदार, नका उतरू, मी बोलतोय ना. सुभेदारांनी चपला काढल्या, जशा देवळाबाहेर काढतात, आणि उतरले. अंकलने माझ्याकडे एकदा बघितलं, ते मी विसरणार नाही. मग तो स्वतः पण खाली उडी टाकून गेला आणि त्या सरकत्या टेकूला खांदा लावून उभा राहिला. मला शिवी घातली असती तरी चाललं असतं.

खालून सुभेदारांचा आवाज येत होता. मालवणीत, लहान मुलाशी बोलतात तसा. चल बाबा. झाला. चल.

शिडी वाजली. बांबूची ती, रोज आम्ही चढायचो, एका माणसाला ती कधी वाकली नाही. आता मधोमध पोट काढून वाकली. सुभेदार एका हाताने धरून चढत होते. दुसरा हात खांद्यावरून मागे, काहीतरी घट्ट पकडलेला. मान त्या बाजूला दाबलेली. खांद्यावरचा शर्ट ताणून खाली ओढला गेलेला आणि तिथे ओला चिखल पसरत होता. खांद्यावर कोणी नव्हतं. मी उन्हात, उघड्या डोळ्यांनी बघत होते, कोणी नव्हतं.

वरच्या पायरीला त्यांचा पाय लटपटला. मॅडम पुढे झाल्या, मी पण. काय करतेय ते कळायच्या आधी मी हात पुढे केले होते, आणि हातात वजन आलं. थंड, चिखलाने निसटणारं. दोन पोटऱ्या. माणूस उचलताना पाय धरतो तसे मी धरले आणि चालले. त्यांच्या मागून अंकल चढून आला, आणि खाली फळ्या एकावर एक पडल्याचा आवाज झाला.

केळीच्या सावलीत सुभेदारांनी वाकून ठेवलं. डोक्याखाली स्वतःचा हात राहू दिला. तिथलं गवत दबलं.

काका ड्रायव्हरला म्हणाले, "बंद कर. घेऊन जा तुझा. टाकीची जागा बदलली."

मॅडमनी वहीत लिहिलं. बारा. आमचे पाच आणि ते सात. आकड्यात लिहिलं, मग अक्षरात लिहिलं.

"पाणी दे गो," सुभेदार मला म्हणाले.

मी बाटली उघडली. ते बघत होते तिथे, त्यांच्या हाताच्या जरा वर, हळूहळू वाकडी केली. अर्धी बाटली रिकामी झाली. खाली माती कोरडीच राहिली.